दर एक असो, नाव एक नको

नागपूरच्या धंतोलीतल्या एका रुग्णालयाची डिस्चार्जची खिडकी. कबड्डी खेळताना गुडघा पिळवटलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा चाकाच्या खुर्चीत बसलेला, आणि त्याची आई बिलाचा कागद उलटसुलट करून पाहत उभी. कागदावर एकच ओळ होती: उजवा गुडघा, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, पॅकेज. खाली रक्कम. तिने खिडकीतल्या मुलाला विचारले, "काहो भाऊ, पोराची गादी काहाडली का शिवली, थे कुठी लिवलं हाय?" तो अदबीने म्हणाला, "मावशी, थे डॉक्टरसायबांले विचारा. बिलात पॅकेज रायते."

रांगेत मी तिच्या मागे होतो. विम्याच्या दाव्यांच्या फायली वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. तिने जे विचारले तेच आम्ही त्या फायलींवर लाल शाईने लिहून रुग्णालयाला परत पाठवत असू. त्याला आमच्या भाषेत 'क्वेरी' म्हणतात. या बाईला ती क्वेरी एका दमात सुचली होती, आणि तिचे उत्तर देण्याची जबाबदारी त्या इमारतीतल्या कुठल्याच कागदाने घेतलेली नव्हती.

हे असे का चालते, याचे समर्थन करणारे एक मत आज सर्वत्र रूढ आहे. ते सामान्य माणसाचे आहे, अनेक डॉक्टरांचे आहे, आणि आरोग्याच्या प्रश्नावर तळमळीने काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचेही आहे. आपल्याकडे वादाचा शिरस्ता असा, की आधी पूर्वपक्ष मांडायचा, आणि तोही असा की पूर्वपक्षीयाने स्वतः मान डोलवावी. म्हणून आधी त्याचेच ऐकू.

पूर्वपक्ष असा: मेडिकल कोडिंग, म्हणजे प्रत्येक रोगाला आणि उपचाराला ठरलेला कोड देणे, हे अमेरिकेतून आलेले खूळ आहे. तिथे प्रत्येक टाक्याला, प्रत्येक खरवडण्याला वेगळा आकडा असतो आणि प्रत्येक आकड्यामागे डॉलर. एका शस्त्रक्रियेचे चार तुकडे करून चार बिले लावायची, विमा कंपनीने ती नाकारण्यासाठी माणसे ठेवायची, रुग्णालयाने नकाराशी भांडण्यासाठी आणखी माणसे ठेवायची, आणि या सगळ्यांचे पगार शेवटी रुग्णाच्या खिशातून. आपल्या गरीब देशाला हे परवडणारे नाही. त्यापेक्षा एक शस्त्रक्रिया, एक पॅकेज, एक रक्कम. माणसाला आधीच कळते की किती पैसे लागणार. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव मिळाले. ९७१ उपचारांच्या ठरलेल्या पॅकेजांवर तिने लाखो घरे कर्जापासून वाचवली. हे बारीक आकड्यांनी साधले नसते. डॉक्टरने गुडघा बरा करावा, आकडे लिहीत बसू नये.

यातले पुष्कळसे खरे आहे, आणि ते मी आधीच मान्य करतो. अमेरिकेतल्या बिलांचा गुंता खरा आहे. पॅकेजने गरिबाला दिलेला आधारही खरा. मला खोडायचा आहे तो या दोन सत्यांवर उभारलेला निष्कर्ष: कोड म्हणजे बिलाचे हत्यार, तेव्हा कोड जितका जाड तितका रुग्ण सुरक्षित. या निष्कर्षात दोन वेगळ्या वस्तू एकाच पिशवीत भरल्या आहेत. एक वस्तू म्हणजे दर, दुसरी म्हणजे नाव. दर पैसे देणाऱ्याचा प्रश्न आहे. नाव रुग्णाचे आहे.

पहिला मुद्दा इतिहासाचा. कोड बिलासाठी जन्माला आला, हेच मुळात खोटे आहे. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची, म्हणजे आयसीडीची, मुळे झाक बेर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाच्या यादीत आहेत. ती १८९३ साली शिकागोच्या बैठकीत मांडली गेली, आणि तिचा हेतू होता मेलेली माणसे मोजणे: पॅरिसमध्ये ज्याला क्षय म्हणतात त्यालाच दुसऱ्या शहरात दुसरे काही म्हणत असतील, तर कुठे किती माणसे कशाने गेली हे कळणार कसे? १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती काढली तेव्हा त्या यादीत जिवंत माणसांचे आजारही आले. शस्त्रक्रियांच्या नावांची अमेरिकन यादी, जिला सीपीटी म्हणतात, १९६६ मध्ये तिथल्या वैद्यक संघटनेने छापली. मेडिकेअर या सरकारी योजनेने ती पैसे देण्यासाठी स्वीकारली १९८३ मध्ये. मुळात त्या यादीचे एक मोठे काम होते केलेली शस्त्रक्रिया ठरलेल्या, नेमक्या शब्दांत नोंदवणे. नाव आधी आले, किंमत मागाहून चिकटली. मागाहून चिकटलेल्या वस्तूसाठी मूळ वस्तू फेकून देणे हा न्याय नव्हे.

दुसरा मुद्दा 'तुकडे करून बिल लावण्या'चा. हा रोग खरा, पण त्याचे औषध कुठून आले ते पाहा. गुडघ्यातल्या गादीची शस्त्रक्रिया करताना डॉक्टर आधी दुर्बीण घालून सगळा सांधा पाहतो. ते पाहणे वेगळे लावता येत नाही. शस्त्रक्रियेच्या नावातच ते धरलेले असते. गादी शिवण्याआधी फाटक्या कडा साफ कराव्या लागतात. त्याच गादीवर कापणे आणि शिवणे दोन्ही झाले, तर बिल फक्त शिवण्याचे. गादीचा तुकडा काढताना शेजारच्या खडबडीत कूर्चेवरून हात फिरवला, तर त्याचे वेगळे पैसे पूर्वी अनेकजण लावत. २०१२ साली सीपीटीने व्याख्याच बदलून ते काम गादी काढण्याच्या नावात सामावून टाकले. कुठली दोन नावे एकत्र लावता येणार नाहीत, याची भलीमोठी यादी मेडिकेअर १९९६ पासून चालवते. नागपूरकराला हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. तर्री-पोह्यांच्या गाडीवर कुणी पोह्यांचे वेगळे आणि तर्रीचे वेगळे पैसे मागितले, तर गिऱ्हाईक काय म्हणेल? पण हे म्हणता येते कारण 'तर्री-पोहे' या नावात काय काय येते हे सगळ्यांना ठाऊक आहे. 'नाश्ता' एवढेच लिहिलेल्या बिलावर वाद घालता येत नाही. ठगाला अंधार लागतो, आणि जाड नाव म्हणजे अंधार.

तिसरा मुद्दा त्याहून वजनदार आहे. बारीक नाव अनावश्यक शस्त्रक्रियेला लगाम घालते. ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर झालेली एक चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. झिजेने दुखणाऱ्या गुडघ्यांपैकी काही दुर्बिणीने धुतले, काही खरवडले, आणि काहींवर नुसत्या चिरा घेऊन शस्त्रक्रियेचा देखावा केला. तिन्ही गटांच्या दुखण्यात आपसांत फरक आढळला नाही. दोन वर्षांत, २००४ मध्ये, मेडिकेअरने झिजेसाठी नुसत्या धुण्याचे आणि केवळ दुखते म्हणून खरवडण्याचे पैसे देणे थांबवले. हे शक्य झाले ते 'झीज' आणि 'गादीची चीर', 'धुणे' आणि 'शिवणे' यांची नावे कागदावर वेगळी होती म्हणून. सगळ्यावर 'गुडघ्याची दुर्बीण' असे एकच लेबल असते, तर एकतर सगळ्यांना पैसे द्यावे लागले असते, नाहीतर ज्याला खरोखर टाक्यांची गरज होती त्यालाही नकार गेला असता.

खंडन इथवर. आता मंडन, आणि त्यासाठी त्या मुलाच्या गुडघ्यात शिरले पाहिजे.

मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामध्ये दोन अर्धवर्तुळाकार गाद्या असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. मेनिस्कस या ग्रीक शब्दाचा अर्थच चंद्रकोर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बड्या इंग्रज शरीरशास्त्रज्ञांनाही या चंद्रकोरी म्हणजे पायाच्या कुठल्याशा स्नायूचे निरुपयोगी अवशेष वाटत. निरुपयोगी वस्तूचे नाव कोण बारकाईने लिहितो? फाटली की काढून टाकायची. त्या काळातही एडिंबरोच्या थॉमस अनंडेल यांनी १८८३ मध्ये एका खाणकामगाराची निखळलेली गादी काढून न टाकता टाक्यांनी जागेवर बसवली, आणि तो माणूस कामावर परतला. पण लोंढा उलट दिशेने वाहत होता. १९४८ मध्ये फेअरबँक यांनी गादी काढलेल्या गुडघ्यांच्या क्ष-किरण चित्रांत हळूहळू होणारे बदल दाखवले: सांध्यातली फट अरुंद होते, हाडाला कंगोरा येतो. गुडघ्यावरच्या भाराचा निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा या गाद्या उचलतात हे पुढे मोजले गेले. १९६२ मध्ये टोकियोत मासाकी वातानाबे यांनी दुर्बिणीतून गादीचा तुकडा काढला, १९६९ मध्ये त्यांचेच सहकारी इकेउची यांनी दुर्बिणीतून गादी शिवली. १९८२ मध्ये अर्नोझ्की आणि वॉरन यांनी दाखवले की गादीच्या बाहेरच्या कडेलाच, साधारण पाव भागापर्यंत, रक्त पोचते. तिथली चीर शिवली तर सांधू शकते. आतल्या पांढऱ्या भागातली चीर सांधण्याची शक्यता कमी.

म्हणजे 'काढली का शिवली' हा प्रश्न त्या आईच्या भोळेपणातून आलेला नव्हता. वैद्यकाला तो नीट विचारायला शंभर वर्षे लागली. काढलेली गादी लवकर चालू देते आणि उशिरा सतावते. शिवलेली गादी आठवडेच्या आठवडे कुबड्या आणि पट्टा लावायला लावते, मैदान काही महिने बंद ठेवते, आणि गुडघा राखण्याची संधी देते. एकाच दुर्बिणीतून केलेल्या या दोन गोष्टी पंधरा वर्षांनी दोन वेगळी म्हातारपणे देऊ शकतात. त्यांना एकच नाव देणे म्हणजे पेरणीला आणि कापणीला 'शेतातले काम' म्हणण्यासारखे आहे.

न्यायशास्त्राने व्याख्येचे दोष सांगितले आहेत ते इथे नेमके लागू पडतात. गाईची व्याख्या 'शिंगे असलेला प्राणी' अशी केली तर म्हैसही आत येते, ती अतिव्याप्ती. 'तांबूस रंगाचा प्राणी' अशी केली तर पांढरी गाय बाहेर राहते, ती अव्याप्ती. 'दुर्बिणीने गुडघा' हे नाव शुद्ध अतिव्याप्ती आहे: पाहणे, धुणे, कापणे, शिवणे, सगळे त्यात मावते. पण प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की परदेशी कोडही निर्दोष नाहीत. सीपीटीमध्ये एक गादी काढली तर २९८८१, दोन्ही काढल्या तर २९८८०. एक शिवली तर २९८८२, दोन्ही शिवल्या तर २९८८३. काढणे आणि शिवणे वेगळे झाले. पण 'एक' म्हणजे आतली की बाहेरची, ते आकडा सांगत नाही. ते रोगाच्या कोडवरून कळते, आणि तेही त्यांच्या विस्तारित यादीत. म्हणून तिकडे दोन्ही कोड शेजारी ठेवून वाचावे लागतात. एकटा कोड मुका आहे.

आपल्याकडे कोड नाहीतच असे मानणाऱ्याने विम्याच्या दाव्याचा अर्ज उघडून पाहावा. विमा नियामक प्राधिकरणाने २०१३ मध्ये अर्ज प्रमाणित केले. त्यातला 'ब' भाग रुग्णालयाने भरायचा; त्यात रोगाच्या आयसीडी-१० कोडची घरे आहेत आणि शस्त्रक्रियेच्या आयसीडी-१०-पीसीएस कोडचीही. उजव्या गुडघ्यातली गादी दुर्बिणीतून शिवली तर सात अक्षरे अशी: ०, एस, क्यू, सी, ४, झेड, झेड. तिचा तुकडा काढला तर ०, एस, बी, सी, ४, झेड, झेड. फरक तिसऱ्या अक्षराचा. 'क्यू' म्हणजे दुरुस्ती, 'बी' म्हणजे काढणे. त्या बाईचा अख्खा प्रश्न एका अक्षरात बसला आहे, आणि ते अक्षर लिहायचे घर अर्जावर दहा वर्षांहून अधिक काळ छापलेले आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या फायलींत ते घर बहुतेक वेळा कोरे असे. नाहीतर बिलिंगच्या मुलाने संगणकावर जो पर्याय आधी दिसला तो निवडलेला असे. आणि त्याला दोष तरी कसा द्यावा, शस्त्रक्रियेची नोंद त्याच्या टेबलापर्यंत पोचतच नसे.

हे घर कोरे राहिल्याने, किंवा चुकल्याने, काय होते? रोगाचे दोन कोड पाहा. ताज्या इजेने फाटलेली गादी एस ८३.२ मध्ये जाते. जुन्या इजेची बिघडलेली गादी एम २३.२ मध्ये. वर्गीकरणाचे पुस्तकच बजावते की या दोहोंची गल्लत करू नका. आता बऱ्याच पॉलिसींत लिगामेंट आणि गादीच्या शस्त्रक्रियेला प्रतीक्षाकाळ असतो, मात्र अपघाताने झालेली इजा त्यातून वगळलेली असते. २०२४ च्या नियमांनी हा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला. पण पोरगा परवा मैदानात पडला आणि कागदावर चढला एम २३.२, तर विमा कंपनीचा डॉक्टर विचारणारच: आजार जुना आहे का, पॉलिसी कधीची? कॅशलेस अडते, आईचे मंगळसूत्र सराफाकडे जाते. कोड बारीक असल्याने हे झाले नाही. कोड लिहिणाऱ्याला गुडघ्यात काय झाले ते कुणी सांगितले नाही म्हणून झाले.

पूर्वपक्षाचे दोन आक्षेप अजून उरतात, आणि ते टाळण्यासारखे नाहीत. पहिला: शिवण्याला वेगळा, जास्त दर ठेवला तर न शिवण्याजोगे गुडघेही शिवले जातील. अमेरिकेत दर ठरवताना डॉक्टरच्या कामाला जे वजन देतात, ते शिवण्याला सुमारे साडेनऊ धरतात आणि काढण्याला सुमारे सात. मग हात कुठे वळेल? हा धोका खरा आहे. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी. शिवायला वेळ जास्त लागतो, अनेकदा महागडी टाक्यांची उपकरणे लागतात. दोहोंना एकच रक्कम मिळत असेल, तर प्रत्येक शिवलेल्या गुडघ्यामागे रुग्णालयाचा खर्च वाढतो आणि प्रत्येक कापलेल्या गुडघ्यामागे तो वाचतो. एकच दर तटस्थ आहे हा भ्रम आहे. तो गुपचूप कात्रीच्या बाजूने मतदान करतो. डॉक्टर सज्जन असला तरी त्याने रोज पदरमोड करून सज्जन राहावे, ही अपेक्षा धरून व्यवस्था चालत नाही. आणि दर एकच ठेवायचा असे सरकारने किंवा विमा कंपनीने ठरवले, तर खुशाल ठेवावा. निदान नाव वेगळे ठेवावे, म्हणजे वर्षअखेर मोजता येईल की कुठल्या वयाच्या किती गुडघ्यांत कात्री चालली आणि किती ठिकाणी सुई. विशीतल्या खेळाडूंच्या गाद्या एखाद्या ठिकाणी एकजात काढल्याच जात असतील, तर ते दिसलेच पाहिजे.

दुसरा आक्षेप: डॉक्टरला वेळ कुठे? याला उत्तर द्यायला मी एक ओळ लिहून दाखवतो. "उजवा गुडघा, आतली गादी, कबड्डीत ताजी इजा, बादलीच्या कडीसारखी चीर, बाहेरच्या कडेला, शिवली, टाके तीन, लिगामेंट शाबूत." लिहायला अर्धा मिनिट. यात गुडघा कुठला, गादी कुठली, इजा नवी की जुनी, चीर कशी आणि कुठे, काय केले, आणखी काय आढळले, हे सगळे आले. या ओळीवरून कोड लावणे हे प्रशिक्षित माणसाचे काम, डॉक्टरचे नव्हे. आणि अशी माणसे महाराष्ट्राला परकी नाहीत. रात्रपाळी करून अमेरिकन गुडघ्यांचे कोड अचूक लावणारी मराठी मुले मी पाहिली आहेत. त्यातल्या एखाद्याच्या घरी वडिलांच्या गुडघ्याचे डिस्चार्ज कार्ड 'दुर्बीण केली' एवढेच सांगत असेल, तर तो विनोद कुणावर आहे? वैद्यकीय शब्दांची स्नोमेड ही जागतिक यादी भारतात २०१४ पासून मोफत वापरता येते, आणि तिचे राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे. साधने हाताशी आहेत. नाही ती, नाव लिहिणे हाही उपचाराचाच भाग आहे ही समजूत.

आणि ही नोंद रुग्णाच्या हातात का हवी, याचे कारण सरकारी नियमातच आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरने तीन वर्षे जपायचे. गादी काढलेल्या गुडघ्याची झीज दिसायला दहा-पंधरा वर्षे लागू शकतात. म्हणजे ज्या दिवशी त्या नोंदीची खरी गरज पडेल, त्या दिवशी रुग्णालयाने ती ठेवलीच पाहिजे असे बंधन उरलेले नसेल. पुण्यात नोकरीला गेलेला पस्तिशीचा माणूस नव्या डॉक्टरसमोर बसेल आणि सांगेल, "लहानपणी नागपूरला दुर्बिणीचे काहीतरी केले होते."

त्याच नियमांत आणखी एक कलम आहे: रुग्णाने मागितले तर ७२ तासांच्या आत कागद द्यायचे. धंतोलीतल्या त्या रांगेत मी पुढे होऊन त्या बाईंना तेवढेच सांगितले. म्हटले, "ताई, बिल राहू द्या. शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टरांनी जे लिहिले असते, त्या ओटी नोटची प्रत मागा. लेखी अर्ज करा."

"थे बी देतेत का?"

"द्यावीच लागते."

तिने बिलाची घडी करून ती एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात सारली, खिडकीकडे वळली आणि म्हणाली, "भाऊ, एक कोरा कागद द्या."